आधी सांगा, मग करा

छोटूचा ऑटिझमचा रिपोर्ट हातात पडल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं, असं तू फोनवर विचारलंस. पहिल्या आठवड्यात काही करायचं नाही. वेळेवर जेवायचं, झोपायचं आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायचं नाही. तिसऱ्या वर्षी कळलं म्हणजे वेळेत कळलं. आमच्या मुलाच्या, बाबूच्या वेळी, नव्वदच्या आसपास, सांगली-मिरजेत ‘ऑटिझम’ हा शब्द डॉक्टरांच्याही तोंडी क्वचित यायचा. ‘मतिमंद’ असा एकच शिक्का होता आणि जो येईल त्याच्यावर तोच मारून मोकळं व्हायचे. तुम्हाला बरोबर नाव तरी मिळालं. नाव कळलं की कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते कळतं. पोस्टात जन्म काढलेल्या माणसाला एवढं पुरतं.

हे पत्र सूनबाईसमोर मोठ्याने वाच. तू एकटा वाचून तिला सारांश सांगशील, ते नको. आमच्या पिढीत बाप फी भरायचा आणि आई पोराला काखोटीला मारून फिरायची. त्यात आईची कंबर मोडायची आणि बापाला मुलगा कधी कळायचाच नाही. यातलं निम्मं तुझ्या काकूचं आहे, अक्षर तेवढं माझं.

कानांची तपासणी झाली नसेल तर ‘बेरा’ करून घ्या. मूल हाकेला ओ देत नाही याचं कारण आधी कानात शोधायचं. तुम्ही पुण्यात आहात, तिथे या विषयातले बालरोगतज्ज्ञ मिळतात. पण तुझे गावाकडचे मित्र विचारतील तर त्यांना सांग की जिल्हा रुग्णालयांत ‘डीईआयसी’ नावाची केंद्रं आहेत, 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. तिथे तपासणी फुकट होते. लोकांना ठाऊक नसतं आणि ते थेट मुंबईची गाडी पकडतात.

आता घरच्या मंडळींचं. ‘याचा मामा पण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ हे तुम्ही ऐकलं असेलच. जिभेला वेखंड घासा, कुलदेवीला जाऊन या, कुणाची तरी दृष्ट लागलीय, हेही होईल. देवीला जाऊन या, त्यात काही वाईट नाही, रस्त्यात झाडं बघायला मिळतात. वेखंडावर वेळ घालवू नका. पण सूनबाई नोकरी करते म्हणून, तिने हातात मोबाइल दिला म्हणून मुलगा असा झाला, असं कुणी बोललं तर तिथल्या तिथे तोंड बंद करायचं, आणि ते काम तू करायचंस, तिने नाही. हा आरोप जुना आहे. 1943 साली लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला. पुढे कित्येक वर्षं मोठमोठे विद्वान ‘आई थंड असते म्हणून मूल आत मिटतं’ असं छातीठोकपणे लिहीत होते. ते खोडून काढणारं पुस्तक 1964 साली बर्नार्ड रिमलँड यांनी लिहिलं. ते मानसशास्त्रज्ञ होतेच, पण त्यांचा स्वतःचा मुलगाही असाच होता. 1977 मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसलं. रिमलँड यांच्या पुस्तकाला साठ वर्षं लोटली तरी आपल्याकडच्या बारशात आणि मुंजीत आईलाच बोल लावतात. लसीचंही तसंच. गोवराची लस दिल्याने ऑटिझम होतो असं सुचवणारा 1998 चा एक निबंध होता. ज्या मासिकाने तो छापला त्यानेच 2010 मध्ये मागे घेतला. छोटूच्या राहिलेल्या लसी वेळच्या वेळी द्या.

मोबाइलने ऑटिझम होत नाही, पण मोबाइल त्याच्या वाटचा वेळ खातो. तेवढ्यापुरता तो कमी करा, गुन्हा म्हणून नाही.

आता मुख्य गोष्ट. मला कुणी एकच विचारलं तर मी एवढंच सांगेन की काहीही करायच्या आधी ते त्याला सांगा. त्याला दिसेल असं सांगा, आणि सांगितलं तसंच करा. आपल्याला दिवस आपोआप कळतो. आंघोळ झाली, डबा भरला, म्हणजे आता शाळा. या मुलांना ते जोडकाम आपोआप होत नाही. बूट घातले की कुठे जायचंय याचा पत्ता नाही, तिथे किती वेळ, परत येणार की नाही, काही माहिती नाही. रोज उठून कुणी तुला डोळे बांधून रिक्षात बसवलं तर तूही ओरडशील.

तेव्हा फ्रिजवर एक पट्टी लावा. छोटूच्या रोजच्या गोष्टींचे फोटो काढा, पण नेटवरचे नकोत. त्याचाच ब्रश, त्याचीच बादली, त्याच्याच पाळणाघराचं फाटक. प्रिंट काढून लॅमिनेट करा आणि मागे चिकटपट्टी लावा, बॅगेला असते तशी खर्रकन निघणारी. सकाळचे चार-पाच फोटो पुरेत. एक काम झालं की तो फोटो त्याच्याच हाताने काढून खालच्या डब्यात टाकू दे. ही पट्टी थेरपीवालेही सांगतील, पण ती पाळणाघरात किंवा क्लिनिकात लटकून उपयोग नाही, घरात हवी. बाबू आता तिशी ओलांडून गेलाय आणि आमच्या फ्रिजवर अजून पट्टी आहे. फरक एवढाच की आता फोटोऐवजी शब्द आहेत आणि ते तो स्वतः लिहितो, आणि त्यात मी औषध घेतलं का हाही एक मुद्दा त्यानेच घातलाय.

घरात लहान वाक्यं वापरा. ‘आधी दूध, मग झोका.’ बस्स. आणि काय करू नये त्यापेक्षा काय करायचं ते सांगा. ‘पळू नकोस’ म्हटलं की त्याला ‘पळ’ एवढंच ऐकू जातं. ‘हात धर’ म्हणा. सांगितल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजा आणि गप्प राहा. त्याच्या कानावर पडलेलं आत पोचायला वेळ लागतो. आपण तेवढ्यात तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगतो आणि त्याला तीन नव्या गोष्टी सांगितल्यासारखं होतं.

‘नंतर’, ‘बघू’, ‘जाऊ कधीतरी’ हे शब्द आपल्या घराण्यात फार. त्यांची सुट्टी करा. ‘जेवण झाल्यावर’ म्हणा, ‘मोठा काटा सहावर आला की’ म्हणा. ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून अर्ध्या तासाने येऊ नका, तो खरंच दोन मिनिटं मोजतो. ‘माझं डोकं खाऊ नकोस’ वगैरे तर सोडाच. आणि आपण निघताना ‘येतो’ म्हणतो ना, त्याने आमच्याकडे मोठा घोळ व्हायचा. तुझे वडील रविवारी यायचे, जाताना ‘येतो रे बाबू’ म्हणायचे, आणि हा दार धरून उभा. येतो म्हणाले म्हणजे येणार. जेवायला हलायचा नाही. ‘जातो’ म्हणणं आमच्या आईला अशुभ वाटायचं, त्यामुळे मधला मार्ग निघाला: ‘मी माझ्या घरी निघालो. रविवारी परत.’ तुझे वडील आजही फोन ठेवताना असंच बोलतात, लक्ष दे.

बदल होणारच. पाऊस पडणार, बाई रजेवर जाणार, लक्ष्मी रोड बंद असणार. त्यासाठी एक पिवळं कार्ड करा, ‘बदल’ असं लिहिलेलं. ते पट्टीवर ठरल्या फोटोवर चिकटवायचं आणि बाजूला नवा फोटो लावायचा. इथे काकूची युक्ती लक्षात ठेव: हे कार्ड सुरुवातीला चांगल्याच बदलांना वापरायचं. उपम्याऐवजी आइस्क्रीम. दुपारच्या झोपेऐवजी बाग. पिवळं दिसलं की काहीतरी वाईट होणार असं एकदा मनात बसलं तर ते कार्ड जन्मात पुन्हा उपयोगाला येत नाही.

केस कापणं हे आमच्याकडचं पानिपत होतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. आधी नेमकं काय टोचतं ते शोधा. आम्हाला वाटायचं कात्री. कात्री नव्हतीच, मानेवर फवारलेलं पाणी आणि कॉलरच्या आत शिरणारे बारीक केस, हे दोन शत्रू. मशीनचा गुरगुर आवाज तिसरा. ते कळल्यावर अर्धं काम झालं. मी एका कागदावर पाच चित्रं काढली, फार वाईट काढली, पण त्याला कळली: खुर्ची, अंगावरचा कपडा, कात्री, ब्रश, घरची बादली. तो कपडा आम्ही न्हाव्याकडून मागून आणून घरी रोज जेवताना गुंडाळायला लागलो. मग मधल्या वारी, भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना गेलो आणि नुसते खुर्चीत बसून घरी आलो. नंतरच्या वेळी न्हाव्याला सांगितलं: पाणी नाही, मशीन नाही, फक्त कात्री, आणि वीस वेळा. मी मोठ्याने मोजणार. वीस झाले की थांबायचं. आता वीस कात्रीत काय होणार? एका बाजूला आखूड, एका बाजूला रान, असा बाबू घरी आला. दुसऱ्या दिवशी उरलेले वीस. गल्लीतली पोरं हसली, हसू देत. पण विसावर थांबतो म्हटलं आणि थांबलो, त्याच्या हिशोबी हे सगळ्यात मोठं. पुढे वीसचे चाळीस त्याने स्वतःहून केले. ‘एवढं झालंच आहे तर उरकून टाकू’ हा मोह न्हाव्यालाही होतो आणि आपल्यालाही. तो आवरा. नखं, दाताचा डॉक्टर, रक्त काढणं, सगळ्याला हीच रीत.

पुण्यात आहात म्हणजे गणपतीत ढोल-ताशे आहेत. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडर चालवणारे कामगार लावतात ते कानावरचे मफ मिळतात, लहान मापाचेही मिळतात. ऑगस्टच्या आधीपासून घरात रोज थोडा वेळ घालायची सवय लावा. त्या दिवशी काढून कानावर चढवले तर तो भिरकावून देईल. मिरवणूक बघायलाच हवी असं नाही. घरच्या आरतीत झांजा बंद, टाळ्या चालू, असं आमच्याकडे चालतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी काकू हात वर करायची आणि बाबू कान झाकायचा. आता शिट्टी जवळ आली की तोच हात वर करतो, आणि आम्ही दोघं बहिरे झालो तरी तो सवयीने करतो.

पाहुण्यांच्या पाया पड, काकांना पापी दे, हे सक्तीने नको. लांबून नमस्कार पुरे. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ हेही नको. तो खिडकीकडे बघत जास्त चांगलं ऐकतो. हात फडफडवणं, गिरक्या, गाडीचं एकच चाक तासभर फिरवणं यात त्याला आराम आहे. स्वतःला वा दुसऱ्याला इजा होत असेल तरच मध्ये पडा. लोक बघतात म्हणून थांबवू नका, लोकांना बघायला दुसरंही बरंच आहे.

हट्ट आणि स्फोट यात फरक करायला शिका. हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे चोरून बघतं आणि वस्तू मिळाली की थांबतं. स्फोट झालेल्या मुलाला वस्तू मिळाली तरी थांबता येत नाही, ते त्याच्या हातात नसतं. तेव्हा शिकवण नाही, प्रश्न नाहीत, समजावणी नाही. बोलणं बंद, दिवा मंद, एक माणूस जवळ, बाकीचे बाहेर. मॉलमध्ये असाल तर जिन्याकडे जा, जिने रिकामे असतात. भोवती गर्दी जमली आणि कुणी ‘दोन ठेवून द्या’ म्हणालं तर एकदाच मोठ्याने सांगायचं, ‘त्याला आवाजाचा त्रास होतो, थोड्या वेळात शांत होईल.’ खुलासे द्यायचे नाहीत.

आणि एक वही घाला. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळ लिहायची. जेवण आणि शौच तेवढं बाजूला टिपायचं. महिनाभरात त्यात असं काही दिसेल जे कुठल्याही डॉक्टरला पंधरा मिनिटांत दिसणार नाही. वागण्यात अचानक फरक पडला तर पहिला संशय शरीराचा घ्यायचा. बाबू एकदा एकाएकी गालावर थपडा मारून घ्यायला लागला. मागची दाढ किडली होती. दुखतंय हे त्याला ‘दुखतंय’ म्हणून सांगता येत नाही. बद्धकोष्ठता, कान, दात, हे क्रमाने बघा. मध्येच शून्यात बघत राहिला, हाक मारूनही क्षणभर तिथे नसल्यासारखा वाटला, तर लगेच मेंदूच्या डॉक्टरकडे. या मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

थेरपीबद्दल. आठवड्यात थेरपीचे तास किती, यापेक्षा त्या तासात तुम्हाला आत बसू देतात का, हे विचारा. घरी काय करायचं ते सांगत नाहीत, मुलाला दारात घेतात आणि दारात परत देतात, अशा ठिकाणी पैसे घालू नका. चांगली थेरपिस्ट पहिल्या भेटीत तुमच्या घराबद्दल विचारते: झोपतो कुठे, जेवतो काय, घरात माणसं किती. ‘सहा महिन्यांत नॉर्मल करतो’ असं कुणी म्हणालं की चपला घालायच्या. स्टेम सेलवाले गाठतील. लाखांत बोलतात, भिंतीवर फोटो असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलला उपचार म्हणून मान्यता नाही, ऑटिझमला तर नाहीच. गहू-दूध बंद करा असंही सांगतील. तुमचा छोटू आधीच चार पदार्थांवर जगतो. त्यातली पोळी आणि दूध काढलं तर उरलं काय? डॉक्टरला विचारल्याशिवाय काही तोडू नका.

भाषेचं मला जरा रागावूनच सांगायचंय. मुलाला गोंधळ होतो, घरात फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला तुम्हाला दिला म्हणालास. दोन भाषांनी ऑटिझम वाढतो वा बोलणं अडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुझ्या आईला इंग्रजी येत नाही. मग तिने नातवाशी मुकं राहायचं का? ज्या भाषेत तुम्ही त्याला रात्री कुशीत घेऊन बडबडता तीच घरची भाषा. तो आधी तुमचंच वाक्य तुम्हाला परत देईल. पाणी हवं असेल तर ‘तुला पाणी हवंय?’ असं म्हणेल, कारण पाणी मिळताना तेच ऐकलेलं असतं. आईकडून उचललं तर ‘मी जेवते’ म्हणेल. बाबू बरीच वर्षं ‘मी जाते, मी झोपते’ म्हणायचा. हसू नका, सारखं सुधारूही नका, योग्य रूप एकदा म्हणून पुढे जा: ‘मी जेवतो. हं, घे.’ उच्चारलेला शब्द नाहीच आला तर बोलण्याचे दुसरे मार्ग द्या. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की बोलतं, मराठीही बोलतं. चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती काढून टाका. मागता आलं की किंचाळणं कमी होतं, आणि किंचाळणं कमी झालं की शब्दांना जागा होते.

शाळेच्या दारात धीर लागेल. आम्हाला एका शाळेने ‘बाकीच्या पालकांची तक्रार येईल’ म्हणून परत पाठवलं, तेव्हा हातात कायदा नव्हता. तुमच्या हातात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आहे, आणि 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण कायदा खिशात ठेवा, पहिल्या भेटीत टेबलावर आपटू नका. बाईंना एक पानाचं पत्र द्या. एकच पान. छोटूला काय आवडतं, कशाने बिथरतो, बिथरल्यावर काय करायचं, शू आली की कसा वागतो. बाईंना चाळीस मुलं असतात, त्या फाइल वाचत नाहीत, पान वाचतात. घंटा त्याच्या डोक्यावर वाजत नाही ना, ते वर्गात उभं राहून बघा. दहावीचं आत्ता मनात आणू नका. लेखनिक, जादा वेळ अशा सवलती बोर्डात आहेत, मुक्त विद्यालयाचाही रस्ता आहे.

पाण्याला जपा. अशी मुलं घरातून निसटतात आणि पुष्कळदा पाण्याकडेच जातात. आम्ही कृष्णेच्या काठची माणसं, आमची झोप या धास्तीने उडवली. वरची कडी लावा, खिशात तुमचा नंबर शिवा, सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, रिक्षा स्टँड यांना त्याचा फोटो दाखवून ठेवा. लाजू नका. आणि पोहायला लवकर शिकवा, बाकी सगळे क्लास मागे राहिले तरी चालतील.

आठव्या-नवव्या वर्षापासून मोठं होण्याची तयारी. टॉवेल गुंडाळून बाहेर येणं, दार लावून कपडे बदलणं, अनोळखी माणसाला मिठी न मारणं, या सवयी मात्र आत्तापासूनच. तीन वर्षांचा असताना जे गोड दिसतं ते तेराव्या वर्षी पोलिसात जातं. आंघोळ जितकी लवकर त्याची त्याला जमेल तितका तो सुरक्षित. अंगाला हात लावायची गरज असलेली माणसं कमी होतात. दाढी येण्याच्या कितीतरी आधी माझी दाढी बघायला बाबूला शेजारी उभा करायचो. ज्यांना मुलगी आहे त्यांना काकू सांगते की पाळी यायच्या आधीच पॅड लावून बसायची सवय करा, घरात, खेळताना. त्या दिवशी एकदम सगळं नवं नको.

कागदपत्रं. माझा आवडीचा विषय, त्यामुळे आटोपतं घेतो. दिव्यांगत्वाच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ नावाची चाचणी होते, चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण; 70 किंवा त्याहून जास्त झाले की ऑटिझम धरतात. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, म्हणून त्या दिवशी मुलगा ‘चांगला वागावा’ अशी प्रार्थना करू नका, आणि घरी जे घडतं तेच सांगा. लहान मुलाचं प्रमाणपत्र मुदतीचं असतं, संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा. ‘निरामय’ विमा घ्या, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपी आणि ओपीडीसकट. त्याचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं आणि लोक तिथेच विसरतात. जुन्या करपद्धतीत असशील तर दिव्यांग मुलासाठी 75 हजारांची वजावट आहे, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. माझ्या पेन्शनच्या कागदांत बाबूचं नाव आहे, आम्हा दोघांच्या मागे त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. तुझ्या नोकरीत ते नाही, म्हणून मृत्युपत्र आणि ट्रस्टचं वकिलाशी आत्ताच बोल. चाळिशी यायची वाट बघू नकोस.

बाबूचं काय चाललंय असं सूनबाईने विचारलं होतं, म्हणून सांगतो. सकाळी दहा ते एक तो गल्लीतल्या किराणा दुकानात पाव किलोच्या पुड्या बांधतो. काटा बरोबर 250 वर आल्याशिवाय पुडी बंद होत नाही, दोन ग्रॅम जास्त पडले की दोन दाणे काढतो. दुकानदाराला आधी ते जड गेलं, आता गिऱ्हाइकं मुद्दाम त्याच्या पुड्या मागतात. पगार थोडा आहे. घरी आला की पट्टीवरचं ‘दुकान’ खोडतो आणि ‘जेवण’कडे वळतो.

शेवटचं पालकत्वाचं. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान, तुमची सही आपोआप चालत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते, तिच्याकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करायचा. त्या अर्जाच्या वेळी सगळ्यांचे डोळे बहिणीकडे वळतात. आमच्या लेकीला आम्ही ती बावीस वर्षांची असताना समोर बसवून विचारलं, नाही म्हणालीस तरी चालेल असं आधी सांगून. तिने विचार करायला वेळ मागितला, आम्ही दिला. तुझी थोरली आत्ता सात वर्षांची आहे. भावाला काय आहे ते तिला नाव घेऊन, न लपवता सांगा, शाळेत कुणी विचारलं तर तिला उत्तर माहीत असू दे. ‘तू मोठी आहेस, समजून घे’ हे वाक्य महिन्यातून एकदापेक्षा जास्त वापरू नका. शनिवारची संध्याकाळ तिची आणि तुझी, छोटूशिवाय, आणि तिच्या स्नेहसंमेलनाला तुम्हा दोघांपैकी एकाने पडदा पडेपर्यंत बसायचं. मध्येच उठून घरी फोन करायचा नाही.